जुळ्यांसाठी निवडलेला मेंढ्यांचा कळप: एका पैदास कार्यक्रमाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हा अभ्यास चरणीवर वाढणाऱ्या एका मध्यम आकाराच्या पैदास कळपाचा आहे. कळपाची जात, ठिकाण आणि तो सांभाळणाऱ्यांची नावे मुद्दाम वगळली आहेत. ओळख पटेल असे तपशील आणि कळपाचे स्वतःचे आकडेही दिलेले नाहीत, कारण इथे महत्त्व आहे ते निर्णयांच्या क्रमाला.

कळपातल्या मेंढ्या काटक होत्या, लांब चालू शकत, कोकरांना चांगल्या सांभाळत. मात्र एका वेताला जवळजवळ नेहमी एकच कोकरू देत. एका मेंढीला वर्षभर पोसण्याचा भार एक कोकरू असो वा दोन, फारसा बदलत नाही. म्हणून वेताला दीड कोकरू मिळाले तरी कळपाचे गणित पालटेल, असा कळपप्रमुखांचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता.

या उद्देशाने कित्येक वर्षे साधी निवड चालू होती. जिला जुळी झाली तिच्या माद्या ठेवायच्या, असा नियम होता. तरीही जुळ्यांचे प्रमाण हलले नाही. याचे पहिले कारण सर्वज्ञात आहे: एका वेतात किती कोकरे होतात, या गुणातील फरकांपैकी आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक दशांश असतो आणि उरलेला फरक वय, खुराक, हंगाम आणि निव्वळ योगायोग यांतून येतो. पहिल्या वेताची मेंढी चौथ्या वेताच्या मेंढीपेक्षा कमी कोकरे देते, तेव्हा एका वेताच्या नोंदीवरून केलेली निवड ही पुष्कळदा वयाची निवड ठरते.

दुसरे कारण कोणाच्या लक्षात आले नव्हते. पैदाशीसाठी मेंढे निवडताना दूध तोडतेवेळी सर्वांत वजनदार असलेली कोकरे ठेवली जात. एकटे जन्मलेले आणि दोन्ही सडांचे दूध एकट्याने प्यालेले कोकरू जुळ्यापेक्षा जड असणारच. वजनाची नोंद जन्मप्रकारानुसार दुरुस्त न करता वापरल्यामुळे एका हाताने जुळ्यांसाठी आणि दुसऱ्या हाताने जुळ्यांविरुद्ध अशी निवड होत राहिली. जाणकारांच्या कळपांतही ही गफलत इतकी नेहमीची आहे की कोणताही नवा जनुक आणण्याआधी जुनी वही या दृष्टीने एकदा तपासावी, असे मी सुचवीन.

बहुप्रसव जनुकाचा प्रवेश

साध्या निवडीतून फळ दिसेना, तेव्हा एकाच मोठ्या परिणामाच्या जनुकाचा मार्ग घेण्याचे ठरले. हा जनुक म्हणजे फेकबी, ज्याला बूरूला जनुक असेही म्हणतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधल्या बूरूला नावाच्या मेंढीफार्मवरील मेरिनो कळपात असामान्य प्रमाणात जुळी आणि तिळी होत असत. तेथील काही मेंढ्या १९५८ साली सीएसआयआरओ या संशोधन संस्थेकडे आल्या आणि हा गुण अनेक लहान जनुकांचा नसून मुख्यतः एकाच जनुकाचा आहे, हे पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस मांडले गेले. २००१ साली तीन स्वतंत्र गटांनी तो जनुक ओळखला. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील बीएमपीआर१बी या ग्राहकाच्या (म्हणजे पेशीवर संदेश टिपणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि प्रथिनातील २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन बसते. हाच बदल सुंदरबनातील लहानखुऱ्या गारोळ मेंढीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या बंगाली मेंढ्यांतून तो बूरूला कळपात पोहोचला असावा, असे मानले जाते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळमधील हा जनुक दख्खनी मेंढीत आणला आणि त्यातून नारी सुवर्णा ही मेंढी उभी राहिली. त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही.

प्रस्तुत कळपात या जनुकाच्या दोन प्रती (एक आईकडून, एक बापाकडून आलेली) असलेले मोजके मेंढे आणले गेले. पहिल्या हंगामात त्यांच्यापासून झालेली वेते नेहमीसारखीच एकेकट्या कोकरांची होती आणि कळपावर काम करणाऱ्यांची निराशा झाली. वास्तविक तसेच होणार होते. हा जनुक मेंढीच्या स्वतःच्या बीजांडकोषात काम करतो; मेंढ्याच्या अंगातील प्रतींमुळे त्याच्यापासून गाभण राहिलेल्या मेंढीची कोकरे वाढत नाहीत. ‘जुळ्यांचा मेंढा’ लावला की जुळी होतात, ही समजूत इथेच सोडावी लागते. परिणाम दिसतो तो मुलींमध्ये, म्हणजे त्या मोठ्या होऊन विण्याच्या वेळी.

एक प्रत असलेल्या त्या मुली विऊ लागल्यावर जुळ्यांचे प्रमाण डोळ्यांत भरेल इतके वाढले. क्वचित तिळी झाली. बहुतेक मेंढ्यांनी दोन कोकरे नीट वाढवली. या यशाच्या भरात पुढचे दोन निर्णय घेतले गेले आणि प्रश्न तिथून सुरू झाला.

समस्या

पहिला निर्णय जनुकाच्या प्रती वाढवण्याचा होता. एक प्रत असलेल्या मेंढ्यांवर एक प्रत असलेलेच मेंढे सोडण्यात आले. अशा मीलनातून सरासरी एक चतुर्थांश संततीत दोन प्रती, निम्म्या संततीत एक आणि उरलेल्या चतुर्थांशात एकही प्रत नसते. जन्मलेल्या माद्यांची जनुकीय तपासणी केली नव्हती. ज्या बहुप्रसव आईच्या, त्या सर्व ठेवल्या गेल्या.

दुसरा निर्णय वरवर पाहता पैदाशीशी संबंधित नव्हता. विण्याचा हंगाम आटोपशीर व्हावा म्हणून सर्व मेंढ्यांना एकाच वेळी माजावर आणायचे ठरले. त्यासाठी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे योनीत ठेवायचे स्पंज आणि ते काढताना पीएमएसजी या संप्रेरकाचे इंजेक्शन, अशी रूढ पद्धत वापरली गेली. मात्रा या जातीला पूर्वी लागू पडलेलीच होती.

त्या हंगामात कळपात चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी दिसल्या. काही मेंढ्यांना तीन, चार आणि क्वचित त्याहून अधिक कोकरे झाली. त्यांतील बरीच जन्मतः इतकी लहान होती की उभी राहण्याआधीच गारठली. काही मेंढ्या गाभणकाळाच्या शेवटच्या आठवड्यांत खाणे सोडून, मान खाली घालून एका बाजूला उभ्या राहू लागल्या आणि त्यांच्या लघवीत किटोन (खुराक अपुरा पडून अंगातील चरबी जळताना तयार होणारी द्रव्ये) सापडले. काही मेंढ्या उलटल्या, म्हणजे लागवडीनंतर पुन्हा माजावर आल्या. चौथी गोष्ट सर्वांत चक्रावणारी होती: काही मेंढ्यांना एकच कोकरू झाले, पण ते एकट्या कोकराच्या मानाने फारच हलके होते.

आधी संसर्गाचा संशय आला, आणि तो रास्त होता. गर्भ गमावणाऱ्या कळपात संसर्ग तपासल्याशिवाय दुसऱ्या कारणाकडे वळू नये. रक्ताचे आणि वारेचे नमुने तपासण्यात आले, गर्भपात घडवणाऱ्या नेहमीच्या रोगांचा पुरावा मिळाला नाही, आणि त्यानंतरच पशुवैद्यकांनी प्रजननाच्या यंत्रणेकडेच पाहायचे ठरवले.

शरीरात काय बदलले होते

पुढच्या हंगामात निवडक मेंढ्यांवर दोन मोजण्या झाल्या. माजानंतर दुर्बिणीद्वारे बीजांडकोष पाहून पीतपिंड मोजले. प्रत्येक सुटलेल्या बीजांडामागे एक पीतपिंड तयार होत असल्याने ही संख्या म्हणजे सुटलेल्या बीजांडांची संख्या. त्यानंतर दीड ते दोन महिन्यांच्या गाभणकाळात सोनोग्राफीने गर्भ मोजले. सोबत रक्ताचे थेंब घेऊन प्रत्येक मेंढीत जनुकाच्या किती प्रती आहेत हे पाहिले. या तीन नोंदी शेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट झाले: पीतपिंड आणि गर्भ यांच्या संख्येतील तफावत एक प्रत असलेल्या मेंढ्यांत थोडी, आणि दोन प्रती असलेल्यांत मोठी होती.

याचा अर्थ समजण्यासाठी बीजांडकोषातील घडामोडी पाहाव्या लागतात. मेंढीचे माजचक्र साधारण १७ दिवसांचे असते. प्रत्येक चक्रात बीजांडकोषातील काही पुटके, म्हणजे बीजांड धारण करणाऱ्या लहान पिशव्या, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येणाऱ्या एफएसएच संप्रेरकाच्या आधाराने वाढू लागतात. त्यांतले एखादे पुढे जाते, इस्ट्रॅडिऑल आणि इन्हिबिन ही संप्रेरके स्रवते, त्यामुळे पिट्युटरीतून येणारे एफएसएच घटते आणि मागे राहिलेली पुटके सुकून जातात. पुढे गेलेले पुटक तग धरते, कारण तोवर त्याच्या आतील थरातल्या ग्रॅन्युलोसा पेशींवर एलएच या पिट्युटरीच्याच दुसऱ्या संप्रेरकाचे ग्राहक तयार झालेले असतात आणि ते एफएसएचवर पूर्वीइतके अवलंबून राहत नाही. एकच कोकरू देणाऱ्या मेंढीत एकच बीजांड का सुटते, याचे उत्तर या शर्यतीत आहे.

फेकबी जनुक या शर्यतीतील परिपक्वतेची वेळच अलीकडे आणतो. जनुक नसलेल्या मेंढीत साधारण ५ ते ७ मिलिमीटरच्या पुटकातून बीजांड सुटते. जनुकवाहक मेंढीत ३ ते साडेचार मिलिमीटरचे पुटकही तयार झालेले असते. या लहान पुटकांत ग्रॅन्युलोसा पेशी कमी असतात, त्यामुळे एकेका पुटकातून स्रवणारे इस्ट्रॅडिऑल आणि इन्हिबिनही कमी असते, आणि पिट्युटरीला ‘पुरे’ असा निरोप पोहोचेपर्यंत अनेक पुटके तयार झालेली असतात. चार लहान पुटकांचा एकत्रित स्राव एका मोठ्या पुटकाइतका भरतो. म्हणूनच जनुकवाहक मेंढीचा माज, त्याचा कालावधी आणि रक्तातील संप्रेरकांची पातळी बाहेरून पाहता बरीचशी नेहमीसारखी दिसते. रक्ताच्या एका तपासणीवरून अशी मेंढी ओळखता येईल, ही अपेक्षा फोल ठरते.

बूरूला मेरिनोतील जुन्या निरीक्षणांनुसार एका प्रतीमुळे सुटणाऱ्या बीजांडांची संख्या सुमारे दीडने आणि दोन प्रतींमुळे सुमारे तीनने वाढते. जन्मणाऱ्या कोकरांची वाढ मात्र अनुक्रमे एक आणि दीडच्या आसपास राहते. मूळ जात कोणती, तिचे शरीर केवढे, यानुसार हे आकडे बदलतात आणि लहान अंगाच्या, रोड चरणीवरच्या जातींत परिणाम याहून कमी दिसतो. पण दोन आकड्यांचे परस्परांशी नाते टिकून राहते: दुसऱ्या प्रतीने बीजांडे जवळपास पहिलीइतकीच वाढवली, कोकरे मात्र पहिलीच्या निम्म्यानेच.

मधली बीजांडे जातात कुठे, हा या प्रकरणाचा गाभा आहे. जनुकाने बीजांडकोष बदलला, गर्भाशय बदलले नाही. मेंढीच्या गर्भाशयाच्या अस्तरावर कॅरंकल नावाचे उंचवटे असतात, साधारण ७० ते १००, आणि त्यांची संख्या मेंढी स्वतः आईच्या पोटात असतानाच ठरलेली असते. वार फक्त या उंचवट्यांवरच जोडली जाते. गर्भ एक असेल तर बहुतेक उंचवटे त्याचे. चार असतील तर वाटणी होते. वाटणीला आलेले उंचवटे आकाराने वाढून थोडी भरपाई करतात, पण पूर्ण नाही. एकेका गर्भाच्या वारेचे वजन घटते, त्यातून पोषण घटते आणि जन्मवजन घटते.

हलक्या एकट्या कोकराचे कोडे इथे सुटते. गर्भाची गळती फार लवकर, म्हणजे गर्भाशयाला चिकटण्याआधी, साधारण पहिल्या अडीच आठवड्यांत झाली तर उरलेल्या गर्भांना मोकळी जागा मिळते. गर्भ चिकटल्यानंतर गेला तर त्याच्या वाटणीचे उंचवटे उरलेल्याला सहसा मिळत नाहीत. म्हणजे ते एकटे कोकरू पोटात एकटे वाढलेलेच नव्हते. इतरांबरोबर वाटणी होऊन गेल्यानंतर ते एकटे उरले होते. जन्माच्या वहीत मात्र ‘एक’ असेच लिहिले गेले, आणि या वहीवरून निवड करणाऱ्याने त्याच्या आईला कमी प्रजननक्षम ठरवले असते.

पीएमएसजीचा वाटाही याच यंत्रणेतून समजतो. हे संप्रेरक एफएसएच आणि एलएच दोन्हींसारखे काम करते आणि शरीरात बराच काळ टिकते. ज्या मेंढीची लहान पुटके आधीच एलएचला प्रतिसाद द्यायला सज्ज आहेत, तिला सामान्य मेंढीची मात्रा दिली तर ती जादा मात्रा ठरते. कळपातील अतिप्रसवाचा काही भाग जनुकाचा नव्हता, सुईचा होता. हे लक्षात आले नसते तर सर्व दोष पैदाशीवर गेला असता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय माघारीचा होता: जनुक काढून टाकायचा आणि जुन्या कळपावर परत यायचे. कळपावर काम करणाऱ्यांतील काहींचा याला जोरदार पाठिंबा होता, कारण मेलेली कोकरे त्यांनी उचलली होती. तरीही एक प्रत असलेल्या मेंढ्यांची कामगिरी चांगली असल्याने हा पर्याय मागे पडला.

दुसरा पर्याय अगदी उलट टोकाचा होता. सर्व कळपात दोन प्रती पक्क्या करायच्या, म्हणजे दरवेळी तपासणीची गरज उरणार नाही, आणि जादा कोकरे बाटलीच्या दुधावर वाढवायची. जिथे गोठ्यात बांधून भरपूर खुराक देता येतो तिथे असे कळप चालतात. चीनमधील हू जातीत हा जनुक जवळजवळ प्रत्येक मेंढीत दोन प्रतींनी असतो आणि ती जात गोठ्यातच पाळली जाते. पण इथला कळप चरणीवरचा होता. चरणीवर चाललेल्या मेंढीमागे तीन अशक्त कोकरे धावू शकत नाहीत, एवढे कारण पुरेसे होते.

तिसरा पर्याय दुसऱ्या जनुकाचा होता. न्यूझीलंडमधील इन्व्हरडेल मेंढ्यांत एक्स गुणसूत्रावरील बीएमपी१५ या जनुकाचा बदल सापडलेला आहे. तो एकाच प्रतीत असला तर सुटणारी बीजांडे वाढतात. दोन प्रती आल्या तर मात्र पुटकांची वाढ सुरुवातीलाच थांबते, बीजांडकोष नुसत्या पट्टीसारखे राहतात आणि मेंढी वांझ होते. बहुप्रसवासाठी केलेली निवड एक पाऊल पुढे गेली की वांझपणात संपते, हे या क्षेत्रातील सर्वांत बोलके उदाहरण आहे. याचा सोयीचा भाग असा की वाहक मेंढ्याच्या सर्व मुली वाहक असतात आणि एकही मुलगा नसतो, त्यामुळे तपासणीचा व्याप वाचतो. पण त्यासाठी पुन्हा नवे मेंढे आणि पुन्हा दोन-तीन पिढ्यांचा काळ लागला असता.

चौथा पर्याय मेंढ्यांच्या वृषणांचा घेर पाहून निवड करण्याचा होता. नराच्या वृषणांची वाढ आणि मादीच्या बीजांडकोषाचे काम ही दोन्ही पिट्युटरीच्या त्याच संप्रेरकांवर चालतात, म्हणून मोठ्या वृषणांच्या मेंढ्यांच्या मुली अधिक प्रजननक्षम असाव्यात, हा विचार १९७० च्या दशकापासून मांडला गेला आहे. तो तर्काला धरून असला तरी फेकबीसाठी उपयोगाचा नव्हता, कारण वाहक मेंढ्यांच्या वृषणांत या जनुकाची ठळक खूण दिसत नाही.

उरला तो पाचवा पर्याय: जनुक ठेवायचा, पण विणाऱ्या मेंढीत एकच प्रत राहील अशी मीलनाची आखणी करायची. हाच स्वीकारला गेला.

केलेली कृती

एकाच प्रतीवर थांबणे बोलायला सोपे आणि करायला कठीण आहे, कारण एक प्रत असलेली मेंढी आपल्यासारखी संतती पक्की देत नाही. एकही प्रत नसलेल्या मेंढ्यांवर दोन प्रतींचे मेंढे सोडले तर सर्व मुलींत एक प्रत येते आणि एकाही कोकराची तपासणी करावी लागत नाही. पण त्या मुलींवर पुन्हा तेच मेंढे सोडले तर निम्म्या नातींत दोन प्रती येतात. त्यामुळे कळपाचे दोन भाग झाले. जुन्या जातीचा, जनुक नसलेला भाग शुद्ध ठेवला आणि त्यातील काही मेंढ्यांपासून एका प्रतीच्या माद्या तयार केल्या. या माद्या म्हणजे कळपाचा दुसरा भाग; त्यांच्यावर जनुक नसलेले, वाढीसाठी निवडलेले मेंढे सोडले आणि त्यांची कोकरे मुख्यतः विक्रीसाठी ठेवली.

मग दोन प्रतींचे मेंढे आणायचे कुठून? सुरुवातीला यासाठी दोन प्रतींच्या मेंढ्यांचा एक लहान गट वेगळा सांभाळला गेला आणि तोच सर्वांत कष्टाचा ठरला. तिळी, चार कोकरे आणि आजारी आया यांतच मनुष्यबळ खर्ची पडू लागले. इथे एका पशुवैद्यकाने साधा पण निर्णायक मुद्दा मांडला. नराला दोन प्रतींचा त्रास नाही, त्रास आहे तो मादीला. एक प्रत असलेल्या मेंढीवर दोन प्रतींचा मेंढा सोडला तर तिचे वेत नेहमीच्या जुळ्यांचे राहते आणि तिच्या निम्म्या नर कोकरांत दोन प्रती असतात. तपासून ते ठेवायचे, दोन प्रतींच्या माद्या पैदाशीतून वगळायच्या. दोन प्रतींच्या मेंढ्या सांभाळण्याची गरजच उरत नाही. त्या गटाचे काम त्यानंतर अशा रीतीने होऊ लागले. फक्त नात्यातील मीलन टाळण्यासाठी मेंढ्यांच्या वंशावळीवर लक्ष ठेवावे लागले.

जनुकवाहक मेंढ्यांसाठी पीएमएसजी बंद केले. हंगाम आटोपशीर करण्यासाठी नराच्या सान्निध्याचा वापर झाला: माद्यांना सुमारे महिनाभर नरांच्या नजरेपासून आणि वासापासून दूर ठेवून मग एकदम नवे मेंढे सोडले. माजात नसलेल्या मेंढ्यांत यामुळे दोन-तीन दिवसांत बीजांड सुटते, पण ते बहुधा माज न दाखवता. दिसणारा माज पुढच्या चक्रात, साधारण अडीच ते साडेतीन आठवड्यांच्या दरम्यान येतो. स्पंजाइतकी अचूकता यात नाही, आणि तेवढ्या अचूकतेची या कळपाला गरजही नव्हती.

मीलनाआधी खुराक वाढवण्याची जुनी रीतही फक्त जनुक नसलेल्या मेंढ्यांपुरती ठेवली, कारण वाढीव खुराकाने आणखी बीजांडे सुटण्याची वाहक मेंढ्यांना गरज नव्हती. त्यांचा वाढीव खुराक पुढे सरकवला. वारेची वाढ गाभणकाळाच्या साधारण ९० व्या दिवसापर्यंत पुरी होते, आणि गर्भाच्या वजनातील दोन तृतीयांशाहून अधिक भर १४७ दिवसांच्या गाभणकाळातील शेवटच्या सहा आठवड्यांत पडते. नेमक्या याच काळात फुगलेले गर्भाशय पोटातील जागा व्यापते आणि मेंढीचे खाणे कमी होते. सोनोग्राफीत दोन किंवा अधिक गर्भ दिसलेल्या मेंढ्या वेगळ्या काढून त्यांना कमी आकारमानाचा, जास्त ऊर्जेचा खुराक थोडा थोडा करून दिला जाऊ लागला.

विण्याच्या वेळी चिकाकडे लक्ष देण्यात आले. कोकराला पहिल्या २४ तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण २०० मिलिलिटर चीक मिळावा लागतो आणि त्यातला पहिला भाग जितका लवकर तितका चांगला. जन्मतःच त्याच्याजवळ ऊब देणारी जी थोडी तपकिरी चरबी असते, ती लहान कोकरात लवकर संपते. तिळ्यांतील एक कोकरू त्याच दिवशी विलेल्या, एकच कोकरू असलेल्या मेंढीकडे लावण्याची रीत बसवली.

शेवटचा बदल वहीतला होता. जन्मलेल्या कोकरांऐवजी दूध तोडतेवेळी जिवंत असलेली कोकरे आणि त्यांचे एकत्रित वजन, प्रत्येक लागवड केलेल्या मेंढीमागे, हा निवडीचा मुख्य निकष झाला. कोकरांचे वजन जन्मप्रकार आणि आईच्या वयानुसार दुरुस्त करून मगच तुलना होऊ लागली.

परिणाम

पुढील हंगामांत वेते एक आणि दोन कोकरांभोवती स्थिरावली. तिळी पूर्ण थांबली नाहीत, कारण एका प्रतीची मेंढीही कधी तीन बीजांडे सोडते. पण चार वा अधिक कोकरांची वेते जवळपास नाहीशी झाली. गाभणकाळातील किटोसिस तुरळक उरला आणि तो मुख्यतः वयस्क, रोडावलेल्या मेंढ्यांत दिसला. प्रत्येक मेंढीमागे दूध तोडलेल्या कोकरांचे वजन जुन्या कळपापेक्षा वाढले, मात्र एकेक कोकरू जुन्या कोकरापेक्षा हलके राहिले. ज्यांना मोठे कोकरूच हवे होते, त्यांना हा सौदा पटला नाही.

काही अडचणी सुटल्या नाहीत. चाऱ्याच्या टंचाईच्या वर्षी जनुकवाहक मेंढ्या जनुक नसलेल्यांपेक्षा अधिक खंगल्या, कारण दुष्काळ आहे म्हणून बीजांडकोष पुरेसा आखडता हात घेत नाही. पहिल्या वेताच्या मेंढ्यांची जुळी इतरांपेक्षा अधिक दगावत राहिली. एक-दोन माद्या कधीच माजावर आल्या नाहीत. त्या नराबरोबर जन्मलेल्या होत्या आणि तपासणीत फ्रीमार्टिन निघाल्या, म्हणजे पोटात असताना भावाच्या वारेशी रक्तवाहिन्या जोडल्या जाऊन त्यांची जननेंद्रिये अपुरी राहिली होती. मेंढ्यांत हे क्वचित घडते, पण एका गर्भाशयात जितके जास्त गर्भ, तितकी त्याची शक्यता अधिक.

वेगळे काय करता आले असते

तपासणीची जागा हा पहिला मुद्दा. एक प्रत असलेल्यांचे आपसांत मीलन करण्याआधी मेंढ्यांची तपासणी केली असती तर पुढचा हंगाम टळला असता. प्रत्येक कोकरू तपासणे परवडत नसेल तर फक्त पैदाशीचे नर तपासावेत. एका नराची चूक त्याच्या सर्व संततीत पसरते. तपासणी न करताही मीलनाची आखणी नीट असेल तर एका प्रतीच्या मुली हमखास मिळतात, हे इथे पुष्कळ उशिरा ध्यानात आले.

दुसरा मुद्दा मोजणीचा. कोकरांची संख्या हा दोन वेगळ्या गोष्टींचा गुणाकार आहे: सुटलेली बीजांडे आणि त्यांतून टिकलेले गर्भ. निवड पहिल्यावर होते आणि मर्यादा दुसऱ्यावर असते. सगळ्या कळपाची दुर्बिणीने तपासणी कोणी करणार नाही, पण प्रत्येक जनुकप्रकारातील थोड्या मेंढ्यांवर पीतपिंड आणि गर्भ मोजले असते, तर तफावत पहिल्याच हंगामात दिसली असती.

तिसऱ्या मुद्द्यावर मतभेद आहेत. जुळ्यांच्या जनुकाबरोबरच गर्भ टिकवण्याच्या क्षमतेसाठीही निवड करावी का? माझ्या मते करावी, आणि ती एका प्रतीच्या मेंढ्यांमध्येच करावी. सर्वांच्या बीजांडकोषात तोच मोठा जनुक असेल तर उरलेला फरक गर्भाशय, कास आणि आईपण यांचा असतो, आणि दूध तोडलेल्या वजनावर केलेली निवड नेमकी तिथेच पोहोचते. आनुवंशिकतेचा वाटा लहान असल्याने हे काम संथ चालेल. कळपप्रमुखांचे म्हणणे असे की तेवढा धीर आणि तेवढ्या नोंदी ठेवण्याइतके मनुष्यबळ असते, तर मोठ्या जनुकाच्या वाटेला ते गेलेच नसते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सध्या तडजोड अशी आहे की दोन वेतांत जुळी वाढवून दूध तोडेपर्यंत नेलेल्या एका प्रतीच्या मेंढ्याच पुढच्या दोन प्रतींच्या नरांच्या आया म्हणून निवडल्या जातात, आणि इतर मेंढ्यांच्या नोंदी फक्त गाभण राहिली की नाही आणि किती कोकरे दूध तोडली, एवढ्यापुरत्या ठेवल्या जातात.